जलविषशास्त्र, मत्स्यशेती आणि आपली खाडी



आगाशी हे दोन खाड्यांच्या मधले गाव आहे. उत्तरेस अर्नाळ्यापाशी वैतरणा समुद्राला मिळते आणि दक्षिणेस वसईच्या किल्ल्याजवळ उल्हास नदी समुद्रात शिरते. सोळाव्या शतकात हे गाव जहाजबांधणीसाठी ख्यातनाम होते आणि म्हणूनच १५३० साली पोर्तुगिजांनी ते जाळले. पुढे वाडवळांनी, भंडाऱ्यांनी, सामवेदी ब्राह्मणांनी येथे केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या राखल्या, बावखले खणली, राजेळीची सुकेळी केली. शेजारच्या अर्नाळ्यात मांगेला, वैती व कोळी बांधवांनी डोल जाळी टाकली आणि बोंबील वाळवले. वाडीचे पाणी जमिनीखालून येते आणि कोळ्याचे अन्न खाडीतून व समुद्रातून. म्हणजे पाणी बिघडले तर या परिसरात एकाचेच बिघडते असे नाही, सर्वांचेच बिघडते.

पाणी बिघडले हे कळते केव्हा? बहुतेकांचे उत्तर असते, मासे मेल्यावर. खाडीच्या काठी मेलेल्या माशांचा खच पडला की चार दिवस आरडाओरडा होतो. पुढच्या उधाणाला भरतीचे पाणी तो खच वाहून नेते आणि विषयही वाहून जातो. परंतु ज्या शास्त्राला जलविषशास्त्र म्हणतात, ते सांगते की मेलेला मासा ही या कथेची सुरुवात नसते, ते बहुधा शेवटचे पान असते. आधीची पाने वाचण्याचे काम काही शास्त्रज्ञांनी केले. त्यातील महत्त्वाचे काम आपल्याच उल्हास खाडीच्या गाळात झाले आहे. आगाशीसारख्या गावाने ते समजून घेणे अगत्याचे आहे.

विष कशाला म्हणावे?

सोळाव्या शतकातील युरोपीय वैद्य पॅरासेल्सस याने एक सूत्र मांडले होते. त्याचा आशय असा की, कोणताही पदार्थ विष ठरतो तो त्याच्या मात्रेमुळे. मीठ अन्नाला चव देते, पण तेच मीठ वाडीच्या विहिरीत उतरले की केळीचे बन सुकते. जलविषशास्त्राची उभारणी याच सूत्रावर झाली.

या शास्त्रातील सर्वांत परिचित कसोटी अशी असते. स्वच्छ पाण्याच्या अनेक टाक्यांत सारख्या वयाचे व सारख्या वजनाचे मासे किंवा कोळंबी सोडतात. प्रत्येक टाकीत तपासावयाचा पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात मिसळतात. एका टाकीत काहीच मिसळत नाहीत. ती तुलनेसाठी असते. ९६ तास निरीक्षण करतात. ज्या प्रमाणाला निम्मे जीव मरतात, त्याला 'एलसी-५०' म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितका पदार्थ अधिक जहाल.

ही कसोटी उपयुक्त आहे, पण तिची मर्यादा सर्वांनी ध्यानी घेतली पाहिजे. चार दिवसांत मासा मेला नाही याचा अर्थ तो सुखरूप आहे असा होत नाही. त्याचे कल्ले झिजलेले असू शकतात. त्याची अंडी उबणार नाहीत असे होऊ शकते. कीटकनाशकांच्या काही प्रकारांमुळे मज्जातंतूंचे काम चालवणारे एक विकर मंदावते. मासा जिवंत राहतो, पण शत्रूपासून पळण्याची त्याची चपळाई जाते. धातू तर त्याच्या शरीरात साठत राहतात. म्हणून 'मासे मेले नाहीत, सबब पाणी ठीक आहे' हे विधान शास्त्राच्या दृष्टीने अपुरे आहे. ते कारखानदाराने केले तरी अपुरे आणि अधिकाऱ्याने केले तरी अपुरेच.

उल्हासच्या गाळातील पारा

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे आणि मुंबईत तिचे प्रादेशिक केंद्र आहे. या संस्थेचे डॉ. एम. डी. झिंगडे व डॉ. बी. एन. देसाई यांनी १९८१ साली ठाणे खाडीतील पाऱ्याविषयीचा शोधनिबंध 'मरीन पोल्युशन बुलेटिन' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच नियतकालिकात २००३ साली अनिरुद्ध राम, एम. ए. रोकडे, डी. व्ही. बोरोले आणि झिंगडे यांचा उल्हास खाडीच्या गाळातील पाऱ्यावरचा निबंध आला. आपल्या दाराशी येणाऱ्या पाण्याचा अभ्यास असा दोन दशकांहून अधिक काळ चालू होता.

पारा खाडीत आला कोठून? कॉस्टिक सोडा तयार करण्याची एक जुनी पद्धत होती. तीत मिठाच्या द्रावणातून वीज नेताना पाऱ्याचा थर वापरला जाई. त्यातील काही पारा सांडपाण्याबरोबर बाहेर पडे. कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगरचा पट्टा स्वातंत्र्योत्तर काळात उद्योगांनी गजबजला आणि त्याचे सांडपाणी उल्हास नदीला मिळाले. नदी ते घेऊन घोडबंदरवरून वसईकडे निघाली.

येथे शास्त्रज्ञांनी पाण्याऐवजी गाळ का तपासला, हे समजून घेण्यासारखे आहे. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते. सकाळी घेतलेला नमुना स्वच्छ निघेल आणि दुपारी घेतलेला घाण निघेल. पारा मात्र पाण्यात फार काळ मोकळा राहत नाही. चिकणमातीच्या सूक्ष्म कणांना व सेंद्रिय द्रव्याला तो चिकटतो आणि तळाशी बसतो. गाळ थरांवर थर असा साचत जातो. नळी खोल रोवून गाळाचा उभा दांडा काढला की वरचा थर अलीकडचा आणि खालचा थर जुना. शिशाचा २१० हा किरणोत्सारी प्रकार वातावरणातून सतत खाली येत असतो आणि सुमारे २२ वर्षांत निम्मा होतो. त्याचे प्रमाण मोजून थरांचे वय काढण्याची रीत या शास्त्रात रूढ आहे. पाण्याचा नमुना त्या दिवसापुरता बोलतो. गाळ अनेक वर्षांची साक्ष देतो.

उल्हासच्या अभ्यासाने दोन गोष्टी दाखवल्या. पहिली अशी की, आतल्या खाडीच्या गाळात पारा नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट होता आणि समुद्राकडे येताना तो कमी होत जात होता. दुसरी गोष्ट दिलासा देणारी होती. सांडपाण्यावरील निर्बंधांनंतर पाऱ्याचा ओघ उतरणीला लागल्याचे गाळाचे अलीकडचे थर सांगत होते. पुढे देशातील कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांनी पाऱ्याची पद्धत सोडून मेम्ब्रेन पद्धत स्वीकारावी, असे धोरण २००३ साली ठरले आणि उद्योग त्या दिशेने वळला. नियम केला, तो पाळला आणि त्याचा परिणाम मोजला, तर नदी प्रतिसाद देते. निराश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

परंतु जो पारा गाळात बसला, तो तेथेच आहे. समुद्रमंथनात अमृताआधी हलाहल निघाले आणि ते शंकराने कंठात धरले, ही कथा भवानीशंकराच्या या गावात कोणाला सांगावयास नको. उल्हासच्या गाळाने काही दशके असेच विष धरून ठेवले आहे. मात्र मंथन पुन्हा सुरू झाले तर? रेतीसाठी पंप लावून खाडीचा तळ रात्रंदिवस उपसला जातो, तेव्हा खालचे थर वर येतात आणि दडलेले द्रव्य पुन्हा पाण्यात मिसळण्याची वाट मोकळी होते. रेतीउपशाचा प्रश्न बंधाऱ्यांच्या व पुलांच्या सुरक्षिततेपुरता नाही. तो ताटातील माशाशीही जोडलेला आहे.

मिनामाताचा इशारा

गाळातील पाऱ्याची भीती का बाळगावी, हे जपानमधील मिनामाता या गावाने जगाला शिकवले. प्राणवायू नसलेल्या गाळात काही जिवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हे रूप जिवंत शरीरात सहज शिरते आणि फार हळू बाहेर पडते. शेवाळापासून झिंग्याकडे, झिंग्यापासून लहान माशाकडे, तेथून मोठ्या माशाकडे असे ते चढत जाते आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. ते माशाच्या स्नायूंत, म्हणजे आपण खातो त्या मांसातच बसते. त्यामुळे ते धुऊन, शिजवून किंवा तळून जात नाही.

मिनामाता हे मासेमारीवर जगणारे गाव होते. तेथील रासायनिक कारखान्याचे सांडपाणी उपसागरात जात असे. आधी गावातील मांजरे वेड्यासारखी नाचून मरू लागली. मग माणसांचे हातपाय लुळे पडू लागले, दृष्टी आक्रसली, बोलणे अडखळू लागले. १ मे १९५६ रोजी या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १९५९ साली मांजराला कारखान्याचे सांडपाणी अन्नातून देऊन पाहिले. चारशे क्रमांकाच्या त्या मांजरात तीच लक्षणे उमटली. कारखान्याच्या व्यवस्थापनाने हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. जपान सरकारने कारण अधिकृतरीत्या मान्य केले ते १९६८ साली. होसोकावांनी १९७० साली रुग्णशय्येवरून न्यायालयासमोर साक्ष दिली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. सत्य एका प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते. ते दाबून ठेवल्यामुळे मधल्या नऊ वर्षांत गावकरी तेच मासे खात राहिले.

उल्हास म्हणजे मिनामाता नव्हे आणि तसे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. बोंबील, मांदेली, जवळा यांसारखे अल्पायुषी लहान जीव पाऱ्याच्या दृष्टीने मोठ्या शिकारी माशांपेक्षा पुष्कळच सुरक्षित असतात. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत सर्वसाधारण माशासाठी दर किलोला ०.५ मिलिग्रॅम अशी पाऱ्याची मर्यादा आहे. मासे हे किनाऱ्यावरील माणसाचे उत्तम अन्न आहे आणि ते सोडा असे कोणताही शास्त्रज्ञ सांगत नाही. मिनामाताचा धडा वेगळा आहे. मोजलेले लपवू नये आणि न मोजता निश्चिंत राहू नये. पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय कराराला याच गावाचे नाव दिले गेले. तो २०१३ साली स्वीकारला गेला आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली.

कालवांनी लावलेला शोध

मत्स्यशेतीचा आणि जलविषशास्त्राचा संबंध किती जवळचा आहे, याचे दुसरे उदाहरण फ्रान्समधील आहे. आर्काशों हा तेथील नैर्ऋत्य किनाऱ्यावरचा उपसागर. पिढ्यान्पिढ्या तेथे कालवांची शेती होते. १९७७ नंतर ओळीने काही वर्षे कालवांची पिल्ले टिकेनात. मोठ्या कालवांच्या शिंपा जाड व वेड्यावाकड्या झाल्या. बाजारात त्यांना भाव मिळेना. मोठे कालव मात्र मरत नव्हते. ९६ तासांच्या कसोटीने पाण्याला निर्दोष ठरवले असते.

क्लोद आल्झ्यू या फ्रेंच संशोधकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा माग काढला. नौकांच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून जो रंग लावला जाई, त्यात ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे संयुग होते. लिटरभर पाण्यात ग्रॅमच्या काही अब्जांश एवढे ते असले तरी पुरे होई. फ्रान्सने जानेवारी १९८२ मध्ये २५ मीटरहून लहान नौकांवर या रंगाला बंदी घातली आणि लौकरच कालवांची पिल्ले पुन्हा धरू लागली. संपूर्ण जगाने मात्र वेळ लावला. आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला आणि तो २००८ साली अमलात आला.

या कथेत शेतकऱ्याचे नुकसान हाच पहिला पुरावा ठरला. कालव एका जागी बसून दर तासाला काही लिटर पाणी गाळते आणि त्यातील द्रव्ये शरीरात साठवते. म्हणून तर अमेरिकेतील शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली सुचवले की, किनाऱ्यावरील प्रदूषणाची पाहणी शिंपल्यांच्या साह्याने करावी. आज अनेक देश त्या रीतीने पाहणी करतात. आपल्या खडपावरची कालवे आणि चिखलातील तिसऱ्या हीदेखील अशीच पहारेकरी आहेत. त्यांच्याकडे पाहणारे डोळे मात्र हवेत.

तळ्याचे स्वतःचे विष

आता मत्स्यशेतीकडे वळू. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली प्रथमच जगात पाळलेल्या जलचरांचे उत्पादन पकडलेल्या जलचरांहून अधिक झाले. भारत मत्स्यशेतीत जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे. समुद्रातील मासळी घटत असताना किनाऱ्यावरील तरुणांना या व्यवसायाचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविक आहे.

खाडीकाठच्या कोळंबीच्या तळ्यात पाणी येते ते खाडीतूनच. पूर्वी खाजणाच्या बांधाला उघाडी असे. उधाणाला ती उघडली की पाणी व मासे आत येत आणि भांगाला ती बंद ठेवत. आज पंप आहेत, पण पाणी तेच. तळे ही बांध घातलेली वेगळी जागा वाटते, प्रत्यक्षात ते खाडीचेच एक दालन आहे. खाडीत जे उतरते ते तळ्यात येते. तळ्यातून जे सोडले जाते ते शेजाऱ्याच्या तळ्यात जाते.

याची जबर किंमत भारताने मोजली आहे. १९९० च्या दशकात आंध्र प्रदेश व तमिळनाडूच्या किनाऱ्यावर टायगर कोळंबीची शेती झपाट्याने वाढली. १९९४ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुजन्य रोग आला. एका तळ्याचे रोगट पाणी खाडीत सोडले जाई आणि दुसरे तळे तेच आत घेई. अनेक कुटुंबे कर्जात बुडाली. त्याच काळात भातशेतीत व विहिरीत खारे पाणी शिरल्याच्या तक्रारी वाढल्या. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी किनारा नियमन क्षेत्रातील अशा शेतीवर, पारंपरिक पद्धती वगळता, कठोर निर्बंध घातले. पुढे २००५ साली संसदेने तटीय जलकृषी प्राधिकरणाचा कायदा केला. पाच हेक्टर व त्याहून मोठ्या तळ्यांनी सांडपाणी शुद्ध करूनच सोडावे, हा दंडक त्या व्यवस्थेतून आला. २००९ पासून व्हेनामी ही नवी जात देशात आली आणि उत्पादन पुन्हा वाढले. पण पाण्याचा नियम बदलला नाही.

तळे स्वतःही विष निर्माण करते. कोळंबीला घातलेल्या खाद्यातील नत्राचा सुमारे पाव भागच तिच्या अंगी लागतो. उरलेला विष्ठेतून व न खाल्लेल्या खाद्यातून पाण्यात जातो आणि त्याचा अमोनिया होतो. अमोनियाची दोन रूपे आहेत. एक बरेचसे निरुपद्रवी आणि दुसरे जहाल. २५ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात सामू ७ असेल तर जहाल रूप एक टक्क्याहूनही कमी असते. सामू ८ झाला की ते पाच टक्क्यांच्या आसपास जाते आणि ९ झाला की एक तृतीयांशाच्याही वर. म्हणजे एकूण अमोनिया तेवढाच, परंतु दुपारच्या उन्हात शेवाळाने सामू वाढवला की तेच पाणी प्राणघातक होते. हे ज्याला ठाऊक नाही, तो औषधे ओतत राहतो. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांसारखी प्रतिजैविके तळ्यात ओतण्याच्या याच सवयीमुळे या शतकाच्या आरंभी युरोपने भारतीय कोळंबीचे साठे नाकारले होते. आता ही द्रव्ये मत्स्यशेतीत निषिद्ध आहेत. खाद्य मोजून घातले असते तर औषधांची गरजच बरीच कमी झाली असती.

शास्त्र हे केवळ मनाई करणारे नसते, हेही सांगितले पाहिजे. मुंबईत वर्सोवा येथे १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे एक केंद्र चालवले आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या तेथील जमिनीखालचे पाणी खारे आहे आणि त्यामुळे शेते नापीक झाली. त्या पाण्यात कोळंबी जगत नसे, कारण समुद्राच्या तुलनेत त्यात पोटॅशियम फार कमी होते. ती उणीव पोटॅशच्या खताने भरून काढली आणि नापीक शेतात कोळंबी वाढू लागली. पाणी नीट मोजले म्हणून हा मार्ग सापडला.

परंतु लाहलीचे अनुकरण आगाशीत आंधळेपणाने करता येणार नाही. तेथील जमीन आधीच खारी झालेली होती. येथे गोड्या पाण्याच्या वाड्या आहेत. वाडीच्या शेजारी खाऱ्या पाण्याचे तळे खणले तर मीठ पाझरत विहिरीकडे जाईल. ज्याला मत्स्यशेती करावयाची आहे त्याने खाऱ्या कोळंबीसाठी खाजणाचीच जागा निवडावी आणि गावातील बावखलांत गोड्या पाण्यातील रोहू, कटला यांचा विचार करावा. पूर्वजांनी बावखले पावसाचे पाणी मुरवण्यासाठी व वाडीच्या शिंपणासाठी खणली. ती बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, तर समुद्राचे खारे पाणी आत येण्यास अडसर राहणार नाही.

गावाने काय करावे?

पालघर जिल्ह्यातच एक उदाहरण घडले आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने खाड्या व समुद्र बिघडला, अशी तक्रार अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे नेली. तज्ज्ञांची समिती नेमली गेली, पाहणी झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर व सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाईची जबाबदारी ठेवली. मच्छीमार समाज संघटित झाला म्हणून हे घडले. आणि लवादापुढे संतापाहून अधिक उपयोगी पडले ते तज्ज्ञांचे मोजमाप.

हे मोजमाप गावपातळीवर सुरू करता येते. त्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. शाळेतील विज्ञानशिक्षक, महाविद्यालयातील चार विद्यार्थी, एक जाणता कोळी आणि एक वाडीवाला एवढे मनुष्यबळ पुरे. महिन्यातून दोनदा, एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला, ठरलेल्या जागी व ठरलेल्या वेळी पाण्याचे तापमान, सामू, खारटपणा आणि विरघळलेला प्राणवायू मोजावा. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडावी आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते लिहावे. पाग टाकणाऱ्याला त्या दिवशी कोणती मासळी मिळाली व कोणती मिळाली नाही, हेही विचारून नोंदवावे. निवटी, बोय, जिताडा, चिंबोरी यांतील कोणता जीव कोणत्या वर्षी दिसेनासा झाला, याची नोंद ज्येष्ठांच्या आठवणीतून आजच करून ठेवता येईल.

आणि मासे मरून वर आलेच, तर गोंधळून न जाता पुढील गोष्टी पाहाव्यात. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत होते काय आणि आधी मोठे मासे मेले काय? तसे असेल तर बहुधा प्राणवायू संपला आहे. रात्रभर शेवाळ व कुजणारी घाण तो वापरून टाकते आणि पहाटे त्याचा तळ गाठला जातो. दिवसाच्या कोणत्याही वेळी, लहान-मोठे, अनेक जातींचे जीव एकदम मेले तर विषाची शंका घ्यावी. एकाच जातीचे मासे काही दिवस थोडे थोडे मरत असतील तर रोगाची शंका घ्यावी. वेळ, भरती-ओहोटीची स्थिती, वाऱ्याची दिशा आणि जागा लिहून छायाचित्र घ्यावे. प्राणवायू तेथेच मोजावा, कारण तो तासाभरातही बदलतो. स्वच्छ काचेची बाटली काठोकाठ भरून बर्फात ठेवावी. कुजलेला मासा परीक्षेच्या कामाचा नसतो. नुकता मेलेला किंवा मरणोन्मुख मासा बर्फात घालून त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय खात्याकडे व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावा आणि पोच घ्यावी. एवढे केले तर चार दिवसांच्या आरडाओरड्याऐवजी गावाच्या हाती टिकणारा पुरावा राहील.

घराघरांतही काही करण्यासारखे आहे. वाडीत फवारणी उरकल्यावर कीटकनाशकाची टाकी बावखलात विसळू नये. नौकेच्या यंत्राचे जुने तेल बंदराच्या पाण्यात ओतू नये. नारळी पौर्णिमेला ज्या समुद्राला श्रद्धेने नारळ वाहिला जातो, त्याला दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशव्या अर्पण करणे हा त्या श्रद्धेचा अपमान आहे. कारखान्याला जाब विचारण्याचा अधिकार, जो स्वतःच्या दारचे पाणी राखतो त्याला अधिक शोभतो.

झिंगडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उल्हासच्या चिखलात उतरून नमुने घेतले, ते प्रयोगशाळेत तपासले आणि निष्कर्ष जगापुढे ठेवले. त्या निबंधांतील आकडे आज शास्त्रज्ञांच्या कपाटात आहेत. मात्र ज्यांच्या ताटात त्या खाडीची मासळी येते, त्यांतील किती जणांपर्यंत ते पोहोचले? हे अंतर भरून काढण्याचे काम शास्त्रज्ञ एकटा करू शकत नाही. वसई-विरारची लोकवस्ती वर्षागणिक वाढते आहे, सांडपाणी वाढते आहे आणि आता वैतरणेच्या काठीही नवी वस्ती सरकत आहे. उल्हासच्या बाबतीत शास्त्रज्ञ पोहोचले तोवर गाळात पारा बसला होता. वैतरणेच्या बाबतीत तसे होऊ नये, यासाठी अद्याप वेळ आहे. येत्या उधाणाला अर्नाळ्याच्या धक्क्यावर पहिली नोंद करावी आणि ती वही पुढच्या पिढीच्या हाती द्यावी, एवढेच आवाहन.